दुभाजकातली फट

माझी रेघ वाकडी जात नाही. हे मीच सांगते, कारण आमच्या खात्यात दुसऱ्याचं कौतुक करायला कुणाला सवड नसते. एकवीस वर्षं मी रस्त्यांचे नकाशे काढते आहे. कुठे अपघात झाला की मापाचं चाक घेऊन जायचं, रस्ता मोजायचा. गाडी कुठे थांबली, माणूस कुठे पडला, ओलांडायची रीतसर जागा तिथून किती लांब, हे सगळं कागदावर उतरवायचं आणि खाली सही ठोकायची. माझ्या नकाशात कोर्टातल्या वकिलांना कधी वीतभर चूक सापडली नाही. शोधणारे कमी नव्हते.

आमच्याकडे नियम एकच: मंजूर असेल तेच नकाशात. मंजूर झाड, मंजूर खांब, मंजूर गतिरोधक. नामंजूर गोष्ट दाखवली की ती खात्याला ठाऊक होती असं सिद्ध होतं, आणि ठाऊक होती तर तुम्ही केलंत काय, असा प्रश्न येतो. प्रश्नच नको म्हणून गोष्टच नको. नवी होते तेव्हा मला हे विचित्र वाटायचं. पुढे अंगवळणी पडलं.

मोठ्या रस्त्यावर कपड्यांच्या कारखान्यासमोर दुभाजकाला एक फट होती. लोखंडी कठड्याच्या दोन सळ्या कापलेल्या, माणूस अंग चोरून निघेल एवढी. बसथांबा रस्त्याच्या अलीकडे, कारखान्याचं फाटक पलीकडे. रीतसर ओलांडायचं तर चारशे दहा मीटर पुढे जायचं आणि तेवढंच परत यायचं. बस येते सात सदतीसला, फाटक बंद होतं पावणेआठला. खात्यानं ती फट चार वेळा बुजवली आणि लोकांनी ती पाच वेळा कापली. फटीच्या दोन्ही अंगांना शोभेची झुडपं आहेत, छातीइतकी उंच. ती मंजूर आहेत. त्यामुळे माझ्या नकाशात ती हिरव्या शाईत, एकूण एक मोजून दाखवलेली. फट मात्र नाही.

माझी ताई त्याच कारखान्यात शिवणयंत्रावर बसते. रोज सकाळी ती त्या फटीतून जायची, संध्याकाळी त्याच फटीतून यायची, आणि हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

बुधवारी सकाळी ऑफिसचा फोन आला. "लगेच निघा. बिनचालकाची गाडी आहे." एरवी फोनवर कुणाला लागलं ते आधी सांगतात. त्या दिवशी गाडीचंच नाव आधी आलं.

मी पोचले तेव्हा मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध ती पांढरी विजेची गाडी, नाकाला जरासा पोचा. एक बातमीदार खिडकीतून डोकं घालून आतली रिकामी खुर्ची कॅमेऱ्याला दाखवत होता. दुसरा गाडीपुढे माईक धरून उभा होता, बहुधा ती दोन शब्द बोलेल या आशेनं. बारा पावलांवर चादरीखाली एक बाई होती. तिच्याकडे सगळ्यांची पाठ.

"मॅडम, यंत्राच्या हाती माणसाचा जीव द्यावा का? तुमचं मत?" एकानं मला गाठलं.

"तुमचा पाय माझ्या मापावर आहे," मी म्हटलं. "हेच माझं मत."

चाक फिरवत मी झुडपांपर्यंत गेले आणि फटीतून पलीकडे पाहिलं. फुटपाथच्या कडेला ताई बसली होती. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, दोन्ही हात मांडीवर पालथे. त्या चादरीखाली ती नाही एवढं कळल्यावर मी चाक तिथेच टाकलं. मी त्याच फटीतून अंग चोरून तिच्याकडे गेले. खात्याचं ओळखपत्र गळ्यात घालून.

"कोण गं?" मी विचारलं.

"बटणवाली," ताई म्हणाली. "मी पुढे होते. ती माझ्या मागेच. मी आले आणि वळून बघते तर..." तिनं सुटलेला रुमाल मुठीत घेतला. मग म्हणाली, "झुडपांमुळे काही दिसत नाही ना तिथून, आम्ही कानानं ओलांडतो. आवाज नाही आला की पळायचं. ही गाडी आवाजच करत नाही, धाकटे. विजेची. आली ते कळलंच नाही."

बटणवाली म्हणजे ताईच्या शेजारच्या यंत्रावरची. बटणं लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अकरा वर्षं दोघी कोपराला कोपर लावून बसल्या होत्या. ताईच्या घरी मी तिला कितीदा तरी भेटले होते. मोठ्यानं हसायची, आणि हसताना दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायची. माझी पाठ त्या थापेला घाबरायची.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. टीव्ही चालू होता आणि चारही वाहिन्यांवर तीच गाडी. एका तज्ज्ञानं गाडीचे डोळे कुठे असतात ते काठीनं दाखवलं. दुसरा म्हणाला, या गाड्या समुद्रात बुडवा. ताईनं टीव्ही बंद केला.

"बटणवालीची चूक होती असं लिहिणार का तू?"

"मी चूक-बीक लिहीत नाही. मी नकाशा काढते. तो बघून वरचे लिहितात."

"तेच ते."

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "या वेळी सगळे गाडीचीच चूक म्हणतायत."

"मग मागच्या वेळी मसालेवाल्या आजोबांची कशी होती? आणि त्या कॉलेजच्या पोरीची? जागा तीच की." ताई माझ्याकडे रोखून बघत होती. "मी सांगते कशी ते. तेव्हा गाडीत माणूस होता. तो उतरून सांगायचा, साहेब, हा एकदम मध्ये आला. मेलेला काय सांगणार? या वेळी गाडीच्या बाजूनं बोलायला आत कुणी नव्हतं, म्हणून बटणवाली निर्दोष. मेलेल्याची चूक निघायला गाडीत कुणीतरी बसलेलं लागतं, होय ना?"

शाळेत ताई आठवीला थांबली आणि मी शिकले. पण हिशोब तिचा पक्का असतो.

"तुझ्या नकाशात ती फट आहे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"का?"

"मंजूर नाही."

ताई उठून आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. आतूनच म्हणाली, "मी पण मंजूर नाहीये मग. उद्या सकाळी मला तिथूनच जायचंय."

एकवीस वर्षांत मला पहिल्यांदा माझ्या सरळ रेघेची लाज वाटली. लाज वाटली की मला रडू येत नाही, राग येतो. तो घेऊन मी दुसऱ्या दिवशी दप्तरखान्यात गेले.

दप्तरखाना फाईलकाकांच्या ताब्यात. ते नवी फाईल हातात घेऊन कपाटांपुढे उभे होते. आमच्याकडे अपघाताची फाईल चालकाच्या आडनावानं लागते. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नाही, पण कपाटं तशीच आहेत, अ पासून ज्ञ पर्यंत.

"बाई, चालक कोण लिहू?" काकांनी विचारलं. "काल रात्री झोप नाही मला. 'कुणी नाही' लिहिलं तर 'क' मध्ये लावू का 'न' मध्ये?"

"जागेच्या नावानं लावा."

"जागेचं कपाटच नाही."

मी अ पासून ज्ञ पर्यंत पाहिलं. जागेचं कपाटच नव्हतं. कारखान्यासमोर मी याआधी किती वेळा चाक फिरवलं होतं ते मी बोटांवर मोजायला लागले, आणि मला आठवल्या त्या गाड्या. दुधाचा टेम्पो. कचऱ्याचा ट्रक. एका डॉक्टरांची निळी मोटार. दोन बस. वाळूचा डंपर. मोटारसायकलवरची दोन पोरं. मी त्या सात गाड्या म्हणून लक्षात ठेवल्या होत्या. सात वेगळ्या गोष्टी, सात वेगळी कपाटं. त्या सगळ्या एकाच वीस पावलांत घडल्या आहेत हे माझ्या डोक्यात कधी एकत्र आलंच नव्हतं. रोज मापं घेणारी बाई मी, आणि काखेत कळसा गावाला वळसा.

"काका, शिडी काढा," मी म्हटलं.

दुपारपर्यंत सातही फाईली टेबलावर आल्या. सहा वर्षांतल्या. प्रत्येकीत माझा नकाशा, पातळ ट्रेसिंग कागदावर. मी ते सातही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. मागून ऊन होतं. रस्त्याच्या कडा एकमेकींवर तंतोतंत बसल्या, रेघ वाकडी नाही ना माझी. आणि माणूस पडला तिथल्या सातही फुल्या तळहाताएवढ्या जागेत गोळा झाल्या. प्रत्येक कागदावर त्या जागी दुभाजक अखंड काढलेला होता. प्रत्येक अहवालात तेच एक वाक्य: पादचारी स्वतःच्या चुकीने दुभाजकातून अचानक रस्त्यावर आला.

अखंड लोखंडी कठड्यातून माणूस आला कसा? सात वेळा हे कुणीच विचारलं नाही. कोर्टानं नाही, साहेबांनी नाही, आणि मीही नाही.

काका काचेकडे बघत म्हणाले, "देवा रे."

साहेब वाईट नाहीत. दुखण्याखुपण्याला रजा देतात, कुणाच्या पोटावर पाय देत नाहीत. पण त्यांना शांतता फार आवडते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवले.

"बाई, सोमवारी या अपघातावर समिती बसतेय," ते म्हणाले. "त्या गाड्या या रस्त्यावर बंद करायच्या आणि कठडा दोन फूट वाढवायचा, असं जवळपास ठरलंय. लोक खूश, वर्तमानपत्रं खूश. आठ दिवसांत सगळं थंड होईल."

"म्हणूनच आठ दिवसांत उरकायला हवं. पुढच्या ट्रकखाली कुणी आलं तर माईक घेऊन कोण येणार आहे?"

"तुम्हाला काय हवंय?"

"सिग्नल. फट आहे तिथेच. झुडपं काढून, पट्टे मारून."

"आणि फट होती हे कुणी सांगायचं?"

"मी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "सातही नकाशांवर तुमची सही आहे. तुम्ही माहीत असून खोटे नकाशे काढले असं होईल. डिसेंबरात तुमची बढती आहे. तुमच्याकडून मी हे ऐकलंच नाही असं धरतो."

"धरा," मी म्हटलं. "सोमवारी पुन्हा ऐकाल."

खरं सांगायचं तर त्या चार रात्री मला झोप आली नाही. मुख्य नकाशाकाराच्या खुर्चीवर माझा दहा वर्षांपासून डोळा होता, आणि ती मला मिळायलाच हवी होती, कारण माझ्याइतकं चांगलं काम दुसरं कुणी करत नाही. पण रोज सकाळी सात चाळीसला ताईचा फोन येईपर्यंत मी चहाला हात लावत नसे. "पोचले," एवढंच म्हणायची ती. खुर्ची की तो एक शब्द, हे ठरवायला फार अक्कल लागत नव्हती. फक्त उठून उभं राहायचं होतं.

सोमवारी समितीच्या खोलीत मागच्या भिंतीला कॅमेऱ्यांची रांग. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्षीणबाई, करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. गाडीच्या कंपनीकडून एक तरुण इंजिनियर मुलगी आली होती. सगळे तिच्यावर तुटून पडले. तुमची गाडी आंधळी आहे का? तुम्हाला रात्री झोप येते का? पण ती हटली नाही.

"गाडीला बाई दिसल्या, पण उशिरा," ती म्हणाली. "आमच्या गाड्या त्या रस्त्यावर पाच महिने फिरतायत. पहिल्या महिन्यात त्या जागी प्रत्येक वेळी वेग कमी करायच्या, कारण झुडपांतून माणसं येताना दिसायची. मागच्या गाड्यांच्या तक्रारी आल्या. तेव्हा आम्ही अधिकृत नकाशा तपासला. नकाशात तिथे दुभाजक अखंड होता. म्हणून आम्ही गाडीला सांगितलं की इथून माणूस येऊ शकत नाही." तिनं मान खाली घातली. "गाडीला दिसत होतं. आम्ही नकाशावर विश्वास ठेवला."

"नकाशा कुणाचा?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

साहेब पाण्याचा पेला शोधायला लागले.

"माझा," मी म्हटलं आणि उठले.

मला वाटलं होतं, माझ्या नकाशाच्या नावावर फक्त सात. बटणवालीची फुली मी नकाशात आत्ता कुठे काढणार होते, आणि तिला मारणारी रेघ मी आधीच काढून ठेवली होती. हे त्या क्षणापर्यंत मला ठाऊक नव्हतं. मी टेबलाची कड धरली आणि बोलत राहिले. थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

मी सगळं सांगितलं. फट, सळ्या, झुडपं, चारशे दहा मीटर, फाटकाची वेळ. सात कागद तिथल्या खिडकीच्या काचेला लावले. पहिल्यांदाच सगळे कॅमेरे गाडीच्या चित्रावरून हलून त्या फुल्यांकडे वळले.

"तुम्ही ही फट पाहिली होती?" अध्यक्षीणबाई.

"रोज. माझी सख्खी बहीण तिथून जाते."

"मग काढली का नाही?"

"मंजूर नव्हती म्हणून. दुसरं काही कारण नाही. कुणी दम दिला नाही, कुणी लालूच दाखवली नाही. झुडपं मंजूर होती, ती काढली. त्यातून रोज जाणारी नऊशे माणसं मंजूर नव्हती, ती सोडली." मग साहेबांकडे न बघता मी म्हटलं, "तुम्ही या गाड्या बंद करा नाहीतर चालू ठेवा, माझं त्यावर भांडण नाही. पण त्या बंद झाल्या म्हणून तिथली माणसं वाचणार नाहीत. आठांतली सात साध्या गाड्यांनी मेली आहेत, आत धडधाकट माणूस बसलेला असताना. कठडा वाढवाल तर लोक तोही कापतील. मी पण कापायला मदत करीन."

मागे कुणीतरी हसलं. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "सिग्नलची जागा आखायला तुम्हाला किती वेळ लागेल?"

"आखूनच आणलीय," मी म्हटलं आणि आठवा कागद पुढे केला.

तापल्या तव्यावर लोक आपापली पोळी भाजून घेतात. मी सिग्नल भाजून घेतला. नऊ दिवसांत झुडपं गेली, पांढरे पट्टे आले, तात्पुरता का होईना दिवा लागला. आमच्या खात्यानं नऊ दिवसांत साधा पंखा दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही, पण कॅमेरे दारात असले की खात्याला पंख फुटतात. गाड्या तीन महिने बंद राहिल्या. त्या इंजिनियर मुलीनं माझ्याकडून दुरुस्त नकाशा मागून नेला, आणि ती न चुकता दर आठवड्याला फोन करून विचारते, अजून कुठे काही काढायचं राहिलंय का? राहिलंय. शहरभर राहिलंय. मी आणि काकांनी जागेच्या नावाचं कपाट सुरू केलं आहे, आणि ते भरतं आहे.

मला खुलासा मागणारं पत्र आलं, बढती गेली. ताईला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. खुर्चीत बसली असतीस तर जाड झाली असतीस." मग पाठ वळवून बराच वेळ डोळे पुसत राहिली. मला दाखवलं नाही, पण मी पाहिलं.

अध्यक्षीणबाईंनी जाता जाता आणखी एक हुकूम काढला होता: सातही जुन्या अहवालांतलं ते वाक्य नव्यानं तपासायचं, आणि खात्यानं घरच्यांना लेखी कळवायचं. ते काम शिक्षा म्हणून माझ्याकडे आलं. सहा जणांना पत्रं टपालानं गेली. सातव्या घराचा पत्ता बदलला होता, पण बातमी बघून मसालेवाल्या आजोबांचा मुलगा स्वतःच ऑफिसात आला. पन्नाशीचा, कुरियरचा गणवेश, हातात हेल्मेट.

मी त्याला बसवलं. कागद पुढे केला. त्यानं तो हातात घेतला नाही.

"काय लिहिलंय, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी स्वतः वाचला होता. 'स्वतःच्या चुकीने' असं होतं. चार वर्षं आई घरात कुणाला सांगत नाही की ते कसे गेले. विचारलं तर म्हणते, आजारी होते. मलाही त्यांचा राग होता. म्हातारपणी कसली घाई, असं वाटायचं."

"त्यांची चूक नव्हती," मी म्हटलं. "तिथे वाट होती. रोज शेकडो लोक जायचे. ती वाट नकाशात काढली नव्हती, आणि ती चूक माझी आहे. तसंच लिहिलंय, माझ्या नावानं."

त्यानं हेल्मेट टेबलावर ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर मी ऐकून घेतलं असतं, तेवढी माझी तयारी होती. पण त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि तो माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

"आई आहे," तो म्हणाला. "तिला वाचता येत नाही. तुम्ही वाचा."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, एक शब्द न गाळता. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

मग म्हाताऱ्या आवाजात ती म्हणाली, "बाई, जरा थांब. शेजारणींना बोलावते. मग पुन्हा पहिल्यापासून वाच."